खिडकी कुणाच्या बापाची?

विमानातली खिडकीची जागा कुणाला मिळावी याबद्दल आपल्या देशात कसलाही कायदा नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला फार खटकते. आमच्याकडे दहा रुपयांची फाटकी नोट बदलून द्यायची तरी नियम आहे. अर्ध्याहून जास्त तुकडा शाबूत असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर राम राम. लॉकर कुणी उघडावा, सही कुणी करावी, मेलेल्या माणसाचे पैसे कुणाला द्यावेत, सगळ्याला नियम. आणि आभाळातून आपला मुलूख डोळे भरून पाहण्याचा हक्क मात्र ज्याने आधी पैसे भरले त्याचा! मग तो बसल्या बसल्या खिडकीचा पडदा खाली ओढून घोरायला लागला, तरी त्याला विचारणारा कुणी नाही.

या अनागोंदीविरुद्ध मला आज चार शब्द बोलायचे आहेत. तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार आहे. मी नगर जिल्ह्याचा. कागदोपत्री 2024 पासून आम्ही अहिल्यानगरचे झालो, पण जिभेला अजून नगरचंच वळण आहे. आणि खिडकीच्या जागेचा प्रश्न अवघ्या महाराष्ट्राला दिला तो आमच्याच जिल्ह्याने. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली, ती पुण्याहून नगरला. म्हणजे एस.टी.च्या खिडकीत जो पहिला माणूस बसला तो नगरच्या रस्त्याला लागलेला होता, एवढं गणित बी.कॉम. झालेल्यालाही सुटतं.

तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं या राज्यात खिडकीचा एक अलिखित कायदा चालला. गाडी फलाटाला लागली की बाहेरून खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी, आणि पिशवीही नसेल तर धाकटं पोर. त्या कायद्याला कलम नव्हतं की पोटकलम नव्हतं, पण दरारा असा की तालमीतला पैलवानसुद्धा दुसऱ्याच्या रुमालावर बसताना दोनदा विचार करी. भांडणं होत, नाही असं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला खिडकी मिळे तो बाहेर बघे. वाऱ्याने डोळ्यांत धूळ जाई, तरी बघे. शेजारचा त्याच्या मांडीवर अर्धा ओणवा होऊन म्हणे, “दादा, जरा बघू द्या ना, आमचं गाव आलं,” आणि दादा पाठ मागे टेकून त्याला बघू देत. खिडकी एकाची असली तरी बाहेरचा देखावा सगळ्यांचा, हे तेव्हा कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

मग 1 ऑक्टोबर 2017 उजाडला. कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर शिर्डीचा विमानतळ झाला आणि तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्या माळावरून वर विमान गेलं की माणसं कपाळाला हात लावून ते दिसेनासं होईपर्यंत बघत, त्याच माळावरून माणसं विमानात बसून खाली बघू शकतील, असा योग आला. बघू शकतील, असं मी म्हणालो. बघतात, असं म्हणालो नाही.

कारण विमानात रुमालाचा कायदा चालत नाही. तिथे पैशाचा चालतो. बऱ्याच विमान कंपन्या खिडकीच्या जागेला वेगळे पैसे लावतात. याबद्दल माझी तक्रार नाही. मी कॉमर्सचा माणूस आहे. मागणी आली की किंमत आली, हे आम्हांला पहिल्याच वर्षी घोकायला लावतात. माझा प्रश्न निराळा आहे. हे पैसे नेमके कशाचे? भोकाचे की देखाव्याचे?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत काही प्रवाशांनी दोन मोठ्या विमान कंपन्यांना कोर्टात खेचलं. खिडकीच्या जागेचे पैसे घेतले आणि बसायला गेलो तर शेजारी नुसती भिंत, अशी त्यांची तक्रार. आतल्या वातानुकूलनाच्या नळ्या, तारा वगैरे भिंतीतून नेण्यासाठी काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकी ठेवतच नाहीत, त्यातला हा प्रकार. अमेरिकन माणसाला भिंत दिसली तर तो वकील गाठतो. आपल्याकडे खिडकी असते, काच असते, पलीकडे अख्खा सह्याद्री असतो, आणि आपला माणूस पडदा ओढून स्वतःच भिंत तयार करतो! आता या इसमाविरुद्ध दावा कुणी लावायचा? माझ्या मते सह्याद्रीने.

खिडकीच्या जागेचे शत्रू तीन प्रकारचे. पहिला झोपाळू. याला झोपायला भिंतीचा टेकू हवा असतो, म्हणून तो खिडकी घेतो. म्हणजे खिडकीच्या भावात उशी. दुसरा मोबाईलवाला. त्याला काचेतून येणाऱ्या उजेडाने पडद्यावरचं चित्र नीट दिसत नाही, म्हणून तो खरं जग बंद करतो. आणि तिसरा, जो या दोघांचा गुरू शोभावा, तो म्हणजे ‘वरून काय बघायचंय’वाला. हा खिडकी घेतच नाही. पण खिडकीवाल्यांची बुद्धी भ्रष्ट करण्याचं काम तोच करतो.

आमचे हेड कॅशियर या तिसऱ्या पंथाचे. त्यांचं म्हणणं, विमानात जागा घ्यावी ती वाटेच्या कडेची. पाय मोकळे राहतात, मुतारीला जाताना दोघांच्या गुडघ्यांना वळसा घालावा लागत नाही, आणि चाकं जमिनीला टेकताक्षणी उठून उभं राहता येतं. यानंतर दार उघडेपर्यंत मान वाकडी करून पंधरा मिनिटं तसंच उभं राहावं लागतं, हा खर्च ते हिशेबात धरत नाहीत. “आणि वरून दिसतं काय हो?” ते मला विचारतात. “ढग. ढग सरले की ठिपके. ठिपके बघायला आपण पैसे मोजायचे?” ज्या माणसाने हयातभर नोटांवरचा लहानात लहान ठिपका बघून खरी-खोटी ओळखली, त्याने असं बोलावं याचं मला नवल वाटतं.

तेव्हा आधी या मंडळींना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

खिडकी निवडताना पहिला विचार पंखाचा. मोठ्या विमानांत पंख खिडक्यांच्या खाली असतो, त्यामुळे मधल्या रांगांतल्या माणसाला सबंध प्रवासभर पंख्याचं पातं नव्हे, तर पंखाचा पत्रा दिसतो. तिथे जागा मिळाली तर पंखाच्या बरीच पुढे किंवा पार मागे सरकावं. एटीआरसारख्या पंख्याच्या छोट्या विमानांत मात्र पंख खिडक्यांच्या वर, छपरासारखा बसवलेला असतो. खालचं सगळं मोकळं. गरिबाच्या झोपडीला अंगण मोठं असावं, तशातलं हे.

दुसरा विचार उन्हाचा. सकाळी उत्तरेकडे निघालात तर ऊन उजव्या हाताला, म्हणून डावीकडे बसावं. संध्याकाळी उलट. डोंगर बघायचे तर सूर्य आपल्या पाठीशी बरा. पाणी बघायचं असेल तर मात्र उन्हाच्या बाजूला बसावं. पाणी चमकलं की तळी, बंधारे, नदीचे डोह असे दिसतात की सोनाराने चिमट्याने एकेक मांडून ठेवावेत.

तिसरा विचार मुलखाचा, आणि यासाठी मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी पुरते. जिल्ह्याच्या नकाशावर काकडीपासून मुंबईपर्यंत पट्टी ठेवून पाहा. उजव्या हाताला कळसूबाई येते, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. डाव्या हाताला हरिश्चंद्रगड. दिल्लीकडे पट्टी फिरवली तर मनमाडजवळचे अंकाई-टंकाई डावीकडे. पायलट फूटपट्टीने विमान चालवत नाही, वाऱ्याप्रमाणे आणि वरच्या हुकमाप्रमाणे वळसे घेतो, हे मला कबूल आहे. पण अंदाजपत्रकही कुठे तंतोतंत उतरतं? म्हणून काय ते मांडायचंच नाही?

आता हेड कॅशियरसाहेबांच्या ठिपक्यांकडे येतो. पट्टी काकडीपासून हैदराबादकडे ठेवा. आग्नेय दिशा. कोल्हारच्या आसपास प्रवरा पायाखालून जाते. मग उजव्या बाजूला राहुरीजवळचं मुळा धरण आणि त्यापलीकडे नगर शहर. डाव्या बाजूला नेवासं, प्रवरा-गोदावरीचा संगम, आणि पुढे पैठणचं जायकवाडी. मुळा धरणाच्या जलाशयाचं नाव ज्ञानेश्वरसागर. जायकवाडीच्या जलाशयाचं नाव नाथसागर. म्हणजे एकाच विमानात उजवीकडे ज्ञानेश्वर आणि डावीकडे एकनाथ! तिकिटाच्या पैशांत वारी झाली की.

पण पुढचं ऐका. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, 1290 साली. पुढे तिच्या प्रतींत नाना पाठभेद शिरले तेव्हा 1584 मध्ये नाथांनी बसून ती शुद्ध केली. एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांभाळलं. तीनशे वर्षांचं अंतर, पण हिशेबात पैचा फरक नाही. आणि त्यांचीच नावं दिलेल्या दोन जलाशयांच्या पाण्यावरून आम्ही त्यांची लेकरं एकमेकांना कोर्टात खेचतो. 2005 च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व घातलं. 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाला, आणि जायकवाडीत 15 ऑक्टोबरला उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असं सूत्र आलं. 2023 च्या नोव्हेंबरात पाणी सोडायची वेळ आली तेव्हा इकडे मोर्चे, तिकडे मोर्चे. इकडचे म्हणतात, आमच्या तोंडचा घास काढला. तिकडचे म्हणतात, तुम्ही वर बसून आमचा घोट अडवला.

यात खरं कोण, हे मी सांगणार नाही. मला याच जिल्ह्यात नोकरी करायची आहे. पण मी एकदा त्या हैदराबादच्या विमानात बसलो होतो, तेव्हाचं सांगतो. पंख्याचं विमान, दोन-दोनची रांग. मी डावीकडे, वाटेच्या कडेला. माझ्या शेजारी खिडकीत इस्त्रीचे कपडे घातलेले एक गृहस्थ. बसल्याबरोबर त्यांनी पडदा खाली ओढला. मी म्हणालो, “साहेब, जरा पडदा वर करता का? आत्ता संगम येईल.”

“ऊन लागतं,” गृहस्थ म्हणाले.

“दोनच मिनिटं. पुढे जायकवाडी आहे.”

“मी जादा पैसे भरलेत या सीटचे,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. जणू जायकवाडी त्यांनी बिगरशेती करून आपल्या नावावर चढवली होती.

वाटेच्या पलीकडे उजव्या खिडकीत राहुरीकडच्या एक आजी होत्या. नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, शेजारी नातू. विमानात पहिल्यांदाच बसल्या असाव्यात, पण भीती-बिती काही नाही. काचेला नाक लावून बसलेल्या. एकदम ओरडल्या, “ए बाळ्या, ते बघ आपलं धरान! मुळाचं धरान! अन् ती बघ कालव्याची रेघ!” नातू वाकला, पुढचे दोघे वळले, मी उठून मान लांबवली. आजींनी पाठ मागे टेकून आम्हां सगळ्यांना बघू दिलं. एस.टी.तले ते दादा मला फार दिवसांनी भेटले.

काय दिसलं? कालवा उंचीची पातळी धरून वळणं घेत जातो, आणि पाणी आपल्या वजनाने फक्त त्याच्या उताराच्या बाजूला उतरतं. त्यामुळे एका अंगाला उसाचं गच्च हिरवं, दुसऱ्या अंगाला करडी, तहानलेली जिरायत. मध्ये नुसती एक रेघ. जमा आणि नावे. बी.कॉम.च्या तीन वर्षांत इतका स्वच्छ ताळेबंद मी पाहिला नव्हता. ती रेघ कुठे ओढायची हे ठरवण्यात माणसांची आयुष्यं जातात. निळवंडे प्रकल्पाला पहिली मंजुरी 1970 ची. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 ला. म्हणजे कोपरगाव-राहात्याच्या जिरायती पट्ट्यात विमान 2017 मध्ये आलं आणि कालवा त्यानंतर सहा वर्षांनी. आमच्याकडे पुष्पक आधी उतरतं, गंगा मागाहून येते.

तर मुद्दा असा. त्या दिवशी आजींच्या कृपेने मला उजवी बाजू दिसली. डावी दिसली नाही, कारण ती झोपली होती. मला आमचं पाणी दिसलं, त्यांचं दिसलं नाही. नाथसागर भरलेला होता की तळाला गेला होता, हे मला कळलं नाही. शेवगाव-नेवाशाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्याच जलाशयाखाली गेल्या, त्याही दिसल्या नाहीत. आणि सगळ्या पाणीतंट्याचं मूळ माझ्या मते नेमकं हेच आहे. प्रत्येक जण आपल्या बाजूच्या खिडकीत बसतो, आणि समोरच्या बाजूचा पडदा कुणीतरी ओढून ठेवलेला असतो.

म्हणून मी दोन सूचना करतो. पहिली बँकेच्या धर्तीवर. आमच्याकडे बचत खात्यात दोन वर्षं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं पैसे पडून राहिले तर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. 2014 पासून ही पद्धत आहे. मालकी जात नाही, मागायला आलात तर पैसे मिळतात, पण पडून राहू देत नाहीत. हाच न्याय खिडकीला लावावा. पडदा ओढून दोन मिनिटं झाली की खिडकी निष्क्रिय. दहा मिनिटं झाली की शेजारच्याच्या नावे वर्ग. मालक जागा झाला आणि बाहेर बघतो म्हणाला, तर सन्मानाने परत. व्याज मात्र मिळणार नाही.

यात अपवाद असावेत, हे मी जाणतो. 2025 च्या मे महिन्यात पश्चिम सीमेकडच्या लष्करी विमानतळांवर उतरताना-उडताना पडदे बंद ठेवण्याचा आदेश निघाला होता. देशाच्या संरक्षणासाठी पडदा ओढणाऱ्याला माझा नमस्कार. आजाऱ्याला, लेकुरवाळीलाही माफ. बोइंग 787 मध्ये तर पडदाच नसतो. बटण दाबलं की काच काळसर होत जाते, आणि सगळ्या काचा एकदम काळ्या करण्याची सोय कर्मचाऱ्यांच्या हाती असते. तिथे वैयक्तिक दोष कुणाला द्यायचा? पण राहुरीवरून जाताना कुठली सीमा आणि कुठलं गुपित? तिथे पडदा ओढणं हा शुद्ध आळस.

दुसरी सूचना मोठ्या लोकांसाठी. दुष्काळ पडला किंवा पूर आला की आपल्याकडे हवाई पाहणी होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. नेते खिडकीतून खाली बघताहेत आणि फोटोग्राफर नेत्यांकडे बघतो आहे. या पाहणीची मी थट्टा करणार नाही. बघतात हेच मोठं. पण नियम असा करावा की पाणीवाटपाच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने आधी एकदा काकडी ते हैदराबाद जावं. नगरच्या माणसाला सक्तीने डावी खिडकी, मराठवाड्याच्या माणसाला सक्तीने उजवी. पडदा वर. मोबाईल बंद. नगरवाल्याने नाथसागराचा उघडा पडलेला तळ बघावा, मराठवाड्याच्या पाहुण्याने आमची करडी जिरायत बघावी, आणि हैदराबादला उतरल्यावर एका टेबलाशी बसून इराणी चहा घ्यावा. निकाल लागेलच असं मी म्हणत नाही. पण बोलताना आवाज थोडा खाली येईल, आणि तेवढ्यानेसुद्धा तहसील कचेरीसमोरच्या पोलिसांना सावलीला बसता येईल.

राहता राहिला तो मूळ प्रश्न. विमानातली सगळ्यांत चांगली खिडकी कोणती? लोक मला रांगेचा आकडा विचारतात. आकडा विचारू नका. पंख टाळा, ऊन बघा, नकाशावर पट्टी ठेवा, हे सगळं कराच. पण त्यानंतर आपलं गाव ज्या बाजूला दिसतं ती बाजू सोडून दुसऱ्या बाजूला बसा. आपलं गाव आपल्याला पाठ असतं. आणि पलीकडे एखादी आजी असेलच, ती ओरडून सांगेल.

खिडकी मिळाली आणि बघायचं नसेल, तर निदान शेजारच्याला “दादा, बघायचंय का?” एवढं विचारा. त्याला पैसे पडत नाहीत. मी कॅशमध्ये बसतो, मला माहीत आहे.